पायाला आलेल्या मुंग्या

पाय बधिर होऊ लागला की आपण 'मुंग्या आल्या' म्हणतो. मला त्या सोळा वर्षांपूर्वी आल्या आणि परत गेल्याच नाहीत. मधुमेह त्याआधी दहा वर्षं होताच. दिवस कसाबसा जाई. रात्री दिवे मालवले की तळपायांची आग सुरू होई. चादरीचा स्पर्शसुद्धा नकोसा वाटे. मग स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर पाय टेकून बसायचं. बायको म्हणायची, ''अहो, निदान खाली पाट तरी घ्या.'' एका डॉक्टरांनी 'वयाचं आहे' म्हणून बोळवण केली. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो.

पेशानं इतिहासाचा मास्तर. झोप येईना, म्हणून पुस्तकं काढली. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वलक्षणं दिली आहेत. त्यांत हातापायांचा बधिरपणा आणि दाह यांचा उल्लेख एकत्रच आहे. रोग्याच्या शरीराकडे आणि लघवीकडे मुंग्या धावतात, हेही त्याच यादीत. माझ्या पायांतल्या मुंग्या इतक्या जुन्या निघाल्याचं पाहून मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

युरोपात मात्र बराच काळ उलटाच समज होता. क्लोद बर्नार यांनी १८४९ मध्ये सशाच्या मेंदूत एका ठरावीक जागी सुई टोचली आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. साहजिकच मधुमेह हा मज्जासंस्थेच्या बिघाडातून होतो, असं मानलं जाऊ लागलं. मार्शल द काल्व्ही या फ्रेंच डॉक्टरनं १८६४ मध्ये बाजू उलटवली: बिघडतात त्या नसा, आणि बिघडवतो तो मधुमेह. पुढं १८८५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक पेव्ही यांनी जड झालेले पाय, बधिर तळवे, विजेसारख्या कळा आणि रात्री वाढणारं दुखणं यांचं वर्णन केलं. ते वाचताना हा गृहस्थ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता की काय, असं वाटलं!

१९२२ मध्ये इन्शुलिन आलं. पूर्वी जे लवकर दगावत, ते जगू लागले. आणि जगले म्हणून त्यांच्या नसा झिजायला वर्षं मिळाली. साखर काटेकोर ठेवल्यानं काय साधतं, याचा भक्कम पुरावा १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीतून मिळाला. लहानपणी किंवा तरुणपणी होणाऱ्या मधुमेहात नसांचा विकार त्यामुळे सुमारे ६० टक्क्यांनी घटला. माझा मधुमेह त्या प्रकारचा नव्हे, पण हे आधी कळतं तर लग्नसराईत मी थोडा सावरून बसलो असतो.

मला गॅबापेंटिन सुरू झालं. मूळचं हे अपस्माराचं औषध. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचून हळूच विचारलं, ''काका, फिट येते का?'' फिट नव्हती, पण झोप आली. वर्ष-दोन वर्षांनी गोळ्या कमी केल्या, तरी आग परतली नाही. मला वाटलं, सुटलो! त्या दिवशी चहात चमचाभर साखरही घेतली.

आठवडाभरानं मंडईतून परतलो, तर बायको दारातच म्हणाली, ''डाव्या पायातली चप्पल कुठंय?'' चप्पल वाटेत निघाली होती आणि मला पत्ताच नव्हता. तळव्यात टाचणी रुतली होती. आग विझली नव्हती. ती कळवणाऱ्या नसाच मेल्या होत्या.

इथं एका वेगळ्याच रोगाचा इतिहास माझ्या कामी आला. पॉल ब्रँड हे इंग्रज दांपत्याचे चिरंजीव, जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते शस्त्रक्रिया करत. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं 'झडतात' असा समज होता. ब्रँड यांनी पाहिलं की मांस सडकं नाही. वेदना कळत नाही, म्हणून भाजतं, कापतं, घासतं आणि जखम वाढत जाते. काहींची बोटं रात्री झोपेत उंदरांनी कुरतडली होती आणि त्यांना जागही आली नव्हती. यावर उपाय काय, तर रुग्णाबरोबर मांजर द्यायचं! वेल्लोरच्या परिसरात त्यांच्यासाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला तयार झाल्या. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायांच्या जखमाही अशाच होतात, हे त्यांनी तिथं दाखवून दिलं. यंत्रानं वेदना निर्माण करायचा प्रयोगही करून पाहिला. तो फसला, कारण रुग्ण यंत्र बंद करून टाकत. मीही तेच केलं असतं.

आज माझ्या पायात तसल्याच रबराची चप्पल आहे, मागं पट्टा असलेली. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहतो. बायको चष्मा लावून पुन्हा तपासते. बूट घालण्याआधी झटकतो. वर्षातून एकदा दवाखान्यात डोळे मिटून बसायचं. दहा ग्रॅम दाबानं वाकणारा नायलॉनचा धागा डॉक्टर तळव्याला दहा ठिकाणी टेकवतात; कळलं की 'हो' म्हणायचं. गेल्या वर्षी मी आठ वेळा 'हो' म्हणालो होतो. यंदा सात वेळा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)