चावान : एका वाडग्याचा उलटा प्रवास

जपानी घरात रोजचा चहा 'युनोमी' नावाच्या उभट पेल्यातून घेतात. 'चावान' म्हणजे शब्दशः चहाचा वाडगा. पण घरोघरी हा शब्द आता भाताच्या वाडग्याला लावतात. चहाविधीच्या इतिहासात मात्र याच्या उलटही घडले.

क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिरपरिसरात 'किझाएमोन' नावाचा वाडगा जपलेला आहे. तो सोळाव्या शतकात कोरियात घडला. १९३१ मध्ये तो पाहिल्यावर यानागी सोएत्सु यांनी त्याला गरिबाघरचे, रोजच्या जेवणाचे भांडे म्हटले. काही अभ्यासकांना हे मान्य नाही. आज तो जपानचा 'राष्ट्रीय ठेवा' आहे.

असे ओबडधोबड भांडे विधीत मानाचे ठरले, यामागे मुराता जुको ते सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) या चहागुरूंची दृष्टी होती. झळाळत्या चिनी भांड्यांपेक्षा त्यांनी साधेपणाला थोर मानले. पण या रसिकतेला दुसरी बाजूही आहे. रिक्यूंचे आश्रयदाते तोयोतोमी हिदेयोशी यांनीच १५९१ मध्ये त्यांना आत्महत्येचा हुकूम दिला आणि १५९२ मध्ये कोरियावर स्वारी केली. १५९८ पर्यंत चाललेल्या त्या युद्धात जपानी सरदारांनी कोरियन कुंभार पकडून आणले. हागी आणि आरिता येथील नामांकित भांड्यांची परंपरा त्यांच्याच हातून सुरू झाली.

'किझाएमोन' हे नाव ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचे, म्हणजे वाडग्याच्या एका मालकाचे. घडवणाऱ्याचे नाव कुठेच नोंदलेले नाही. चहा पिऊन झाल्यावर पाहुण्याने वाडगा निरखून पाहावा, असा विधीचा संकेत आहे. त्या पाहण्यात या अनाम कुंभाराचीही आठवण असावी.