मृग कुणाचा, शेत कुणाचे?

गोडादरा, पर्वत, डिंडोली हा पट्टा आज घरांनी आणि कारखान्यांनी भरून गेला आहे. सुरत महानगरपालिकेची हद्द २००६ साली वाढली. त्याच्या आगेमागे येथील ऊस-भाताची शेते एकामागून एक नाहीशी झाली. आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांकडून मात्र अजूनही एक आठवण ऐकू येते. दिवेलागणीनंतर खाडीच्या अंगाने कोल्हेकुई सुरू होई, आणि खानदेशातून आलेल्या आजीबाई नातवंडांना म्हणत, 'झोपा आता, कोल्हेबुवा निघाले.' त्याच ओघात कुणीतरी आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट काढतो. आजोबा कुणाच्याही शेतात शिरत आणि शिकार करीत, त्यांना कुणी अडवीत नसे, असे त्या गोष्टीचे तात्पर्य असते.

खरोखरच कुणी अडवीत नव्हते काय? रानातील जनावर कुणाचे, ते ज्या जमिनीवर उभे आहे त्या जमिनीच्या धन्याचा त्याच्याशी काय संबंध, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने बंदूक उचलावी की नाही, हे प्रश्न दिसतात तितके साधे नाहीत. त्यांच्या उत्तरांचा इतिहास हा राज्यसत्ता, शेतकरी आणि रानावर जगणारी माणसे यांच्या संबंधांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ आपल्याच परंपरेपासून करू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एकाच श्लोकात दोन नियम शेजारी शेजारी मांडले आहेत. ज्याने झाडखुंट तोडून जमीन लागवडीस आणली त्याचे शेत. ज्याचा बाण प्रथम लागला त्याचा मृग. दोन्ही ठिकाणी श्रम हेच मालकीचे मूळ मानले आहे. परंतु एकाच्या शेतात दुसऱ्याच्या बाणाने मृग पडला, तर काय करावे हे तो श्लोक सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वातील किरात आणि अर्जुन यांचे युद्ध हा एका अर्थी असाच दावा आहे. वराहाला दोघांचेही बाण लागले आहेत आणि दोघेही आपला हक्क सांगत आहेत. पुढे भारवीने त्यावर महाकाव्य रचले. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात मर्यादा येते ती स्थळाची. हरिणाच्या मागे धावणारा दुष्यंत राजा आहे, तरीही हा आश्रमाचा मृग आहे, एवढे तपस्व्याने सांगताच तो बाण आवरतो. राजाच्या बाणालाही न ओलांडता येणारी हद्द असते, हा विचार कालिदासाने किती सहज मांडला आहे!

रोमन कायद्याने रानातील जनावर कुणाचेच नाही असे मानले. जो पकडील त्याचे ते होई; जमिनीच्या मालकाला मात्र शिकाऱ्यास आत येण्यापासून रोखण्याचा अधिकार होता. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १८०५ साली याच तत्त्वावर एक खटला गाजला. पोस्ट नावाच्या गृहस्थाने कुत्रे सोडून एका खोकडाचा माग काढला होता. शिकार हातातोंडाशी आली असता पिअरसन नावाच्या दुसऱ्याने मध्येच येऊन खोकड मारले आणि उचलून नेले. न्यायालयाने निकाल पिअरसनच्या बाजूने दिला. नुसता पाठलाग केल्याने मालकी येत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. ही घटना ओसाड, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या जागेवरची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या देशात कोल्ह्याचा भाऊ शोभेल असा कोयोट नावाचा प्राणी आहे. अनेक राज्यांत तो उपद्रवी समजला जात असल्यामुळे त्याच्या शिकारीला फारसे बंधन नाही. तरीही खाजगी जमिनीत विनापरवानगी शिरणे आणि सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडणे यांना तेथील बहुतेक ठिकाणी मनाई आहे. म्हणजे जनावराला संरक्षण नसले, तरी शेजाऱ्याला आणि वाटसरूला ते आहे.

आपल्याकडे रयतेच्या शेताची हद्द राजसत्तेने पाळावी, हा विचार इंग्रजांनी आणलेला नव्हे. शिवछत्रपतींनी १६७३ साली चिपळूणच्या छावणीतील लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेकडून काहीही बळाने घेऊ नये, दाणावैरण लागेल ती बाजारातून विकत आणावी, अशी त्यात सक्त ताकीद आहे. हातात शस्त्र असलेला मनुष्य नांगर धरणाऱ्याच्या बांधापाशी कसा वागतो, यावर राज्याची परीक्षा होते, हे महाराजांनी ओळखले होते.

इंग्रजी अमलात या परीक्षेचे पुढे काय झाले? १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ४४१ मध्ये फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या केली. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत गुन्हा करण्याच्या, धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे म्हणजे अतिक्रमण. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. येथे सारा भर हेतूवर आहे. पिकातून तितराच्या मागे जाणारा साहेब 'माझा हेतू त्रास देण्याचा नव्हता' असे म्हणाला, की प्रकरण दिवाणी नुकसानीपुरते उरे. दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याचे बळ कुणबी शेतकऱ्यात कोठून असणार?

त्यानंतर १८७८ साल उजाडले. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील या एकाच वर्षात तीन कायदे झाले. वन कायद्याने रयतेच्या हातून रान गेले, हत्यार कायद्याने बंदूक गेली आणि देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने लेखणीवर जप्ती आली. तिसरा कायदा चार वर्षांतच रद्द झाला, म्हणून साहित्यप्रेमींना तो तेवढा आठवतो. पण खेड्यापाड्यांवर दीर्घकाळ परिणाम केला तो पहिल्या दोघांनी. राखीव रानात पाऊल टाकणे हेच अतिक्रमण ठरले. गोऱ्या माणसाला शस्त्र बाळगण्यास नियमांनी सूट मिळाली. देशी माणसाला परवाना लागू लागला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

अन्याय एवढ्यावर थांबला नाही. पिढ्यानपिढ्या फासे लावून जगणाऱ्या पारध्यांसारख्या अनेक जमाती १८७१ पासून पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणल्या गेल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी; लोकांच्या मनातून तो अजूनही पुरता गेलेला नाही. त्याच काळात पुणे-खडकीच्या छावणीतील साहेब विलायती कुत्री सोडून आणि घोडे दौडवून कोल्ह्यांचा पाठलाग करीत. विलायतेत खोकड मिळे, येथे कोल्हा मिळाला, एवढाच फरक. तेच जनावर पारध्याने फाशात धरले तर तो संशयित, आणि साहेबाने पिके तुडवीत मारले तर तो खिलाडू!

सरकारचे स्वतःचे धोरणही मारण्याकडेच झुकलेले होते. हिंस्र श्वापदांच्या मुंडक्यांवर इनामे लावली होती. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामांसाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात हरणे, ससे, गवे, गेंडे होते. वाघ, लांडगा, कोल्हा यांना त्यात जागा नव्हती.

शिकाऱ्याच्या बेफिकिरीतून केवढा अनर्थ ओढवतो, हे इजिप्तमधील देनशवाई गावाने १९०६ साली जगाला दाखविले. काही इंग्रज लष्करी अधिकारी गावकऱ्यांची पाळीव कबुतरे मारू लागले. गावकरी धावून आले, झटापट झाली, आणि पळून गेलेला एक अधिकारी उन्हाच्या तडाख्याने मेला. त्याचे प्रायश्चित्त म्हणून चौघा गावकऱ्यांना फाशी देण्यात आली, इतरांना कैद आणि फटके मिळाले. बर्नार्ड शॉने त्यावर जळजळीत लिहिले. त्या प्रकरणात गावाची हद्द ओलांडणारे कोण होते आणि शिक्षा कुणाला झाली, हे वाचकांनीच पाहावे.

मोटारगाडी आली आणि रस्ता हेच शिकारीचे ठिकाण झाले. दिव्याच्या झोतात जनावर डोळे दिपून थबकते; शिकाऱ्याला खाली उतरण्याचीही तसदी नको. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही अखेरची खात्रीलायक नोंद समजली जाते. ही हकीकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. ती वाचून आपल्याला इतका उबग आला की प्रथम ती केराच्या टोपलीत टाकावी असे वाटले, आणि छापतो आहोत ती गौरव म्हणून नव्हे तर आरोपपत्र म्हणून, अशा आशयाची टीप संपादकांनी जोडली. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोत चित्ते सोडण्यात आले, ते नामिबियातून आणून.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे धागे एकत्र आणले. त्याचे मूळ कलम १७ आज पुस्तकात नाही, म्हणूनच ते मुद्दाम आठवावेसे वाटते. परवानाधारकानेही वाहनातून शिकार करू नये, वाहनाने जनावर हाकलू नये, कृत्रिम प्रकाश वापरू नये, सूर्यास्तानंतर शिकार करू नये, पाणवठ्यावर दबा धरू नये, असे त्यात म्हटले होते. मांसभक्षक जनावर मारलेल्या भक्ष्यावर आले असता खास परवानगीने मिळणारी सवलत तेवढी अपवाद होती. आणि त्यातच आणखी एक उपकलम होते: सरकारी नसलेल्या जमिनीवर मालकाच्या किंवा कब्जेदाराच्या संमतीवाचून शिकार करू नये. दंडसंहितेत हेतूच्या आड लपलेला शिकारी येथे प्रथमच उघड्यावर आला. हेतू काहीही असो, बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारणे भाग पडले. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले, तेव्हा हे कलमही गेले. शिवाय कलम ३९ ने बेकायदा मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरविले. मनूचा मृग बाणवाल्याचा, रोमनांचा पकडणाऱ्याचा. आमचा मृग आता राज्याचा झाला.

आपल्या कोल्ह्याचे स्थानही पालटत गेले. आरंभी तो उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होता. पुढे तो दुसऱ्या परिशिष्टात आला. आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीला जाऊन बसला. तो ऊस आणि टरबुजे खातो हे खरे. पण शेतातले उंदीरही तोच खातो, हे हिशेबात धरले पाहिजे.

येथपर्यंतची कथा प्रगतीची वाटते. तथापि तिची दुसरी बाजू मी सरकारी नोकरीत असताना पाहिली आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय १९५९ च्या हत्यार कायद्यात आहे. अशाच एका अर्जाच्या चौकशीसाठी मी रानाच्या कडेच्या एका गावी गेलो होतो. रानडुकरांनी एका रात्रीत उसाचा मोठा तुकडा लोळविला होता. म्हातारा अर्जदार मला म्हणाला, 'साहेब, मी रानात गेलो तर ते अतिक्रमण. ते माझ्या शेतात आले तर काय म्हणायचे?' मी त्याला कायद्यातील तरतूद सांगितली. उभ्या पिकाला धोका असेल तर काही प्राण्यांबाबत वनाधिकारी परवानगी देऊ शकतात, आणि जिवावर बेतले असता स्वसंरक्षणार्थ मारणे गुन्हा नाही. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, 'परवानगी येईपर्यंत डुक्कर थांबेल काय?' मी वरिष्ठांकडे अनुकूल अभिप्राय पाठविला. अर्जाचे पुढे काय झाले याची चौकशी मी केली नाही. माझी बदली झाली होती. ती चौकशी करावयास हवी होती, असे आज वाटते.

मृग राज्याचा झाला असेल, तर त्याने केलेल्या नुकसानीचे उत्तरदायित्वही राज्याचे झाले पाहिजे. मालकी सरकारने घ्यावी आणि राखणदारीचा खर्च बांधावरच्या माणसाने सोसावा, हा न्याय नव्हे. त्याचबरोबर, शेतकऱ्याच्या अडचणीचे निमित्त करून रात्री रस्त्यावरून दिवे मारीत फिरणाऱ्या हौशी बंदूकवाल्यांना पुन्हा वाट मोकळी करून देणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. शेतकऱ्याचे दुःख आणि त्यांची करमणूक या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येणार नाहीत.

जाता जाता आपल्या घरांविषयी एक सूचना. जुन्या कुटुंबांत भिंतीवर हरणाची शिंगे किंवा पेटीत एखादे कातडे अजून असते. अशा वस्तूंची नोंद करण्याची अखेरची मोठी संधी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांपुरती दिली होती. मालकीचा दाखला असेल तर तो जपून ठेवावा; नसेल तर वस्तू विकू नये, कुणास देऊ नये, वनखात्याकडे जाऊन रीतसर विचारावे. भोंदू लोक 'सियारसिंगी' म्हणून जे विकतात, त्यापायी कोल्हे मारले जातात. तेही घरात आणू नये.

आजोबांची गोष्ट नातवंडांना अवश्य सांगावी. त्यांना कुणी अडविले नाही हे खरे असेल. परंतु ज्याच्या शेतातून ते गेले, त्याला कुणी विचारले होते काय, हा प्रश्नही त्या गोष्टीच्या शेवटी जोडावा.