फुकट आणि मुक्त : गिटच्या जन्माची कथा

१/ मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी 'फ्री' हा एकच शब्द चालतो. त्याआड दडलेला भेद २००५ साली लिनक्सच्या विकासकांना फार जवळून अनुभवावा लागला.

२/ फ्रीवेअर वापरण्यास मोल पडत नाही. परंतु त्याचा सोर्स कोड सहसा मालकाच्याच हाती राहतो आणि अटीही तोच ठरवतो. मुक्त स्रोत परवाना मात्र कोड वाचण्याचा, बदलण्याचा व पुन्हा वाटण्याचा हक्क देतो. असे सॉफ्टवेअर विकताही येते.

३/ लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स कर्नल १९९२ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली होते. २००२ मध्ये त्याच्या बदलांची नोंद ठेवण्यासाठी त्यांनी 'बिटकीपर' स्वीकारले. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचे हे उत्पादन विकासकांना विनामूल्य मिळे. एक अट अशी होती, की वापरणाऱ्याने तशीच स्पर्धक प्रणाली घडवू नये. रिचर्ड स्टॉलमन यांनी या निवडीवर तेव्हाच जाहीर आक्षेप घेतला होता.

४/ पुढे 'सांबा'चे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी संवाद साधणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिला. मॅकव्हॉय यांनी यास आक्षेप घेतला आणि एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य आवृत्ती बंद होत असल्याचे जाहीर झाले. कंपनीने कोणताही कायदा मोडला नव्हता. दिलेली सवलत तिने परत घेतली, इतकेच.

५/ टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला नवी प्रणाली लिहावयास घेतली. ७ एप्रिलला ती स्वतःचाच कोड सांभाळू लागली, आणि जूनमधील लिनक्स २.६.१२ तिच्याच आधारे प्रसिद्ध झाले. तिचे नाव गिट. परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती.

६/ त्याच जुलैत टोरवाल्ड्स यांनी गिटची धुरा जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली. सूत्रधार बदलला, तरी वापरणाऱ्यांचे हक्क होते तसेच राहिले. उद्या हामानो यांनी काम थांबवले, तरी हाती असलेला कोड घेऊन कोणीही ते पुढे नेऊ शकतो. बिटकीपरच्या वापरकर्त्यांना ही मुभा नव्हती.

७/ २०१६ मध्ये बिटकीपरही अपाचे परवान्याखाली मुक्त झाले. तोवर जगभरचे विकासक गिटकडे वळले होते. म्हणून एखादे सॉफ्टवेअर 'फ्री' मिळाले, की किमतीसोबत परवानाही वाचावा. किंमत आजची असते. उद्या आपल्या हाती काय उरेल, हे परवाना ठरवतो.