शेवटच्या फोटोत नसलेला

बेलग्रेडमधला एक फोटो आहे, 5 फेब्रुवारी 1958 चा. सामना सुरू व्हायच्या आधी मँचेस्टर युनायटेडचे अकरा खेळाडू एका ओळीत उभे आहेत. दुसऱ्या दिवशी घरी परतताना म्युनिकच्या विमानतळावर त्यांच्या विमानाला अपघात झाला. त्यामुळे तो त्या संघाचा शेवटचा फोटो ठरला.

हा फोटो बघताना माणूस नकळत मोजायला लागतो. हा गेला, हा वाचला, हा गेला... मी मोजले तेव्हा पाच झाले. पुन्हा मोजले, तरी पाचच. पण म्युनिकमध्ये युनायटेडचे आठ खेळाडू गेले. मग उरलेले तिघे कुठे आहेत?

ते फोटोत नाहीतच, कारण ते त्या दिवशी खेळलेच नव्हते. जेफ बेंट, डेव्हिड पेग आणि लियम व्हेलन. तिघेही राखीव म्हणून गेले होते. आज लिहायचं आहे ते यातल्या तिसऱ्याबद्दल.

लियमचा जन्म 1 एप्रिल 1935 चा, डब्लिनमधल्या काब्रा या कामगारवस्तीतला. घरात सात भावंडं आणि वडील लहानपणीच वारलेले. त्या काळचा आयर्लंड गरीब होता, कामधंदा नव्हता. 1951 ते 1961 या दहा वर्षांत जेमतेम 29 लाख वस्तीच्या त्या देशातून सुमारे 4 लाख माणसं बाहेर पडली, त्यातली बहुतेक इंग्लंडला. कुणी इमारतींच्या कामावर गेलं, कुणी दवाखान्यात नर्स म्हणून. लियमही त्याच वाटेने गेला, फक्त त्याची मजुरी पायांनी फुटबॉल खेळण्याची होती.

तो डब्लिनच्या होम फार्म या क्लबात तयार झाला. मुलं घडवण्यासाठी हा क्लब प्रसिद्ध होता. युनायटेडसाठी डब्लिनमध्ये मुलं हेरणारे बिली बेहन यांची नजर त्याच्यावर पडली. मे 1953 मध्ये युनायटेडचा युवा संघ एफ. ए. यूथ कपच्या अंतिम फेरीत होता आणि ऐन वेळी त्यांचा एक खेळाडू जखमी झाला. त्याच्या जागी 18 वर्षांच्या लियमला घाईघाईने बोलावलं गेलं. दोन सामने मिळून युनायटेडने वुल्व्हजला 9-3 ने हरवलं. दुसऱ्याची मोकळी झालेली जागा त्याला मिळाली, अशी त्याच्या कारकिर्दीची सुरुवात. हे लक्षात ठेवा.

डब्लिनमधला लियम मँचेस्टरमध्ये बिली झाला. तो इनसाइड फॉरवर्ड होता, म्हणजे आघाडी आणि मधली फळी यांना जोडणारा. अंगाने उंच, पायाने फार वेगवान नाही, पण चेंडूवर विलक्षण ताबा. बचावपटू उजवीकडे झुकला की हा डावीकडून निघून जायचा. स्वभावाने लाजाळू, धार्मिक.

1956-57 च्या हंगामात तो खऱ्या अर्थाने बहरला. लीगमध्ये 26 गोल, सगळ्या स्पर्धा धरून 33. वय 21-22. त्या वर्षी युनायटेडने सलग दुसऱ्यांदा लीग जिंकली आणि युरोपियन कपमध्ये खेळणारा पहिला इंग्लिश क्लब होण्याचा मानही मिळवला. जानेवारी 1957 मध्ये ते स्पेनमधल्या बिल्बाओला खेळायला गेले. मैदानाचा नुसता चिखल झाला होता. सामना संपत आला तेव्हा युनायटेड 5-2 ने मागे. त्या वेळी लियमने लांबून चेंडू घेतला, चिखल तुडवत एकेकाला चकवत पुढे गेला आणि गोल केला. सामना 5-3 ने हरले, पण परतीच्या सामन्यात 3-0 ने जिंकून युनायटेड एकूण 6-5 ने पुढे गेलं. तो एक गोल नसता तर बरोबरी झाली असती.

या कथेत दोन गोष्टी मनाला चटका लावतात. बिल्बाओहून निघताना विमानावर बर्फ साचला होता आणि खेळाडूंनीच झाडू घेऊन तो झाडला होता. त्याचे फोटोही आहेत. आणि परतीचा तो सामना झाला 6 फेब्रुवारी 1957 ला. म्युनिकच्या बरोब्बर एक वर्ष आधी.

सप्टेंबर 1957 मध्ये युरोपियन कपच्या निमित्ताने युनायटेड डब्लिनलाच आलं, शॅमरॉक रोव्हर्सविरुद्ध. मैदान डॅलीमाउंट पार्क, काब्रापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. युनायटेडने 6-0 ने धुलाई केली, त्यातले दोन गोल लियमचे. आपल्याच गावच्या संघावर केलेल्या गोलांना टाळ्या वाजवायच्या की हळहळायचं, हा प्रश्न त्या दिवशी काब्राकरांना नक्की पडला असेल!

आणि मग तीन महिन्यांत चित्र बदललं. डिसेंबरमध्ये संघाची कामगिरी ढेपाळली तेव्हा मॅट बझबी यांनी काही बदल केले. लियमला बाहेर बसवलं आणि त्याची जागा दिली 20 वर्षांच्या बॉबी चार्लटनला.

माझा पिंड क्रिकेटचा, त्यामुळे मला बारावा गडी आठवला. पण बारावा गडी निदान पाणी घेऊन मैदानात जातो, क्षेत्ररक्षणाला उतरतो. त्या काळच्या फुटबॉलमध्ये सामना चालू असताना बदली खेळाडू घ्यायची सोयच नव्हती. इंग्लिश लीगमध्ये ती 1965 साली आली. म्हणजे बेलग्रेडला सामन्याची शिट्टी वाजली त्या क्षणी लियमचं तिथलं काम संपलं होतं. सामन्याआधी कुणी आजारी पडलं तर असावा म्हणून तो गेला होता. कुणी पडलं नाही. सामना 3-3 असा सुटला, त्यात चार्लटनचे दोन गोल होते.

लियमला विमानाची भीती वाटायची. म्युनिकला इंधन भरून निघताना दोनदा उड्डाण अर्धवट सोडावं लागलं. तिसऱ्या वेळी, दुपारी 3 वाजून 4 मिनिटांनी, धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या बर्फात विमानाचा वेगच कमी झाला. त्या अखेरच्या क्षणांत लियम म्हणाला की हे मरण असेल तर मी तयार आहे, असं वाचलेल्यांच्या आठवणीत आहे. विमानातली 44 पैकी 23 माणसं गेली. लियम 22 वर्षांचा होता. लग्न ठरलेलं होतं. युनायटेडकडून 98 सामने आणि 52 गोल, आयर्लंडकडून चार सामने. खातं बंद.

चार्लटन वाचला. पुढे 1966 चा विश्वचषक, 1968 चा युरोपियन कप, युनायटेडकडून 758 सामने, सर ही पदवी. 2023 मध्ये वयाच्या 86 व्या वर्षी तो गेला.

इथे जर-तरचा मोह होतो. लियम खेळत राहिला असता तर? पण नीट विचार केला तर त्या विमानात खेळलेलेही होते आणि न खेळलेलेही. मरणाने संघनिवड बघितली नाही. मग लियमची गोष्ट मला एवढी का लागते? मला वाटतं, कारण आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी राखीव असतो. जागा गेलेली असते, ती परत मिळेल या आशेवर बॅग भरून सगळ्यांबरोबर निघतो. ती परत मिळवायची संधी त्याला मिळाली नाही. त्याच्या कारकिर्दीचा शेवट मरणाने झाला खरा, पण तो थांबला होता एका वाईट महिन्यावर, आणि वाईट महिना कुणालाही येतो.

लियमला डब्लिनच्या ग्लासनेविन स्मशानभूमीत पुरलं. डिसेंबर 2006 मध्ये काब्रातल्या रेल्वे पुलाला त्याचं नाव देण्यात आलं. अनावरणाला कोण आलं होतं? सर बॉबी चार्लटन. ज्याला लियमची जागा मिळाली तो माणूस, तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा, लियमच्या गल्लीत येऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या मनात काय आलं असेल ते मी लिहायला जात नाही.

त्या पुलाखालून आता ट्राम धावते. रोज कितीतरी लोक तिथून कामावर जातात आणि परत येतात.