निळाई उतरवणे

१४. निळाई उतरवणे : बंदुकीच्या पोलादावरची निळसर-काळी झाक हा रंग नव्हे, तो लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर. नक्षी कोरण्याआधी तो सौम्य आम्लाने, अगदी व्हिनेगरनेही उतरतो. उघडा पडलेला राखाडी धातू लगेच धुऊन, पुसून, तेल दिले नाही तर टाकवे बुद्रुकसारख्या मावळातल्या पावसाळी गावी बघता बघता तांबूस होतो. घासकागद कटाक्षाने टाळावा. त्याने कडा गोल होतात, ठोकलेले अंक पुसट होतात. आणि क्रमांक पुसणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. दुरुस्तीचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. कोरून झाल्यावर निळाई पुन्हा चढवतात. मात्र दुनळी बंदूक उकळत्या कॉस्टिक क्षारात कधीच बुडवू नये. नळ्या जोडणारा डाख त्यात सुटतो. — संपादक