पिलनित्स

पिलनित्स : जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील ड्रेझ्डेन शहराचा आग्नेय टोकाचा विभाग. एल्ब नदीच्या उजव्या तीरावरील हे गाव लगतच्या होस्टरवित्ससह १९५० मध्ये शहरात समाविष्ट झाले. तथापि नदीकाठची कुरणे, फळबागा व उतारावरील द्राक्षमळे यांमुळे त्याचे वळण ग्रामीणच राहिले आहे. सामान्यतः याचा उल्लेख येथील राजवाड्यामुळे किंवा फ्रेंच राज्यक्रांतीच्या विरोधात ऑस्ट्रिया व प्रशिया यांनी ऑगस्ट १७९१ मध्ये येथे काढलेल्या जाहीरनाम्यामुळे होतो. गावकऱ्यांचा इतिहास मात्र राजवाड्यापेक्षा येथील दोन चर्चवास्तूंत अधिक स्पष्टपणे वाचता येतो.

येथील दक्षिणाभिमुख उतारांवर विनाचुन्याच्या दगडी बांधांनी धरलेल्या पायऱ्या रचून द्राक्षवेल लावीत. या उतारांवरील राजघराण्याचा द्राक्षमळा विशेष प्रसिद्ध होता. सॅक्सनीचा इलेक्टर व पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याने १७२० पासून पिलनित्स येथे चिनी धर्तीच्या छपरांचे प्रासाद उभारण्यास प्रारंभ केला. या विस्ताराच्या आड गावचे जुने चर्च येत होते. ते पाडण्यात आले. त्याच्या मोबदल्यात वास्तुशिल्पी पप्पेलमान याने १७२३–२५ मध्ये द्राक्षमळ्यात नवे चर्च बांधले. जुन्या चर्चमधील वालुकाश्माची वेदीही तेथे नेण्यात आली. पोलंडच्या मुकुटासाठी राजा १६९७ मध्ये कॅथलिक झाला होता, प्रजा मात्र लूथरपंथीय होती; म्हणजे कॅथलिक राजाच्या हौसेपायी लूथरपंथीयांचे मंदिर मळ्यात गेले. त्या जागी उभारलेले मेजवान्यांचे दालन १८१८ च्या आगीत जळाले. मळ्यातील साधे चर्च मात्र टिकून राहिले.

होस्टरवित्सचे ‘मारिया आम वासर’ (जलतीरावरील मेरी) हे चर्च याहून जुने. अठराव्या शतकात त्याला बरोक रूप देण्यात आले. परंपरेने ते नावाड्यांचे चर्च मानले जाते. प्रवाहाविरुद्ध नावा दोरखंडाने ओढून नेणाऱ्या मजुरांचा एक वर्गच या काठावर होता. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे व नदीतळाच्या साखळीवर चालणाऱ्या नौका आल्या आणि हा व्यवसाय संपला.

द्राक्षशेतीवरही त्याच शतकाच्या अखेरीस घाला पडला. फायलोक्सेरा हा वेलीच्या मुळांतील रस शोषणारा मावावर्गीय कीटक १८८७ मध्ये ड्रेझ्डेनजवळच्या लोसनित्स भागात आढळला. द्राक्षशेती आधीच फारशी किफायतशीर राहिली नव्हती. त्यात ही कीड आली व एल्बकाठचे बहुतेक मळे ओस पडले. अमेरिकी खुंटावर कलम करण्याचा उपाय माहीत होता, परंतु पडीक बांध पुन्हा रचून नवी लागवड करणे थोड्यांनाच परवडले. इतरांनी फळझाडांचा आश्रय घेतला. १९२२ मध्ये येथे उद्यानविद्येची उच्च शिक्षणसंस्था निघाली. ‘पिनोव्हा’ ही सफरचंदाची जात पिलनित्सचीच.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बांध दुरुस्त करून उतारांवर पुन्हा वेल लावण्यात आली. जीर्ण झालेल्या द्राक्षमळ्यातील चर्चचा जीर्णोद्धार १९९० नंतर झाला. राजवाड्यापर्यंतच्या एल्ब खोऱ्यास २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खोऱ्यात नवा पूल बांधण्याच्या वादातून तो २००९ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २००२ च्या महापुरात एल्बचे पाणी नावाड्यांच्या चर्चमध्ये शिरले. उतारावरील चर्चपर्यंत ते पोहोचले नाही.