पाउल्सनची अर्धी फेरी

फिगर स्केटिंगमधल्या सहा प्रमुख उड्यांपैकी पाच उड्या उलटं सरकता सरकता घेतात. सहावी अ‍ॅक्सल. ती तेवढी समोर तोंड करून घ्यायची. उतरताना मात्र साऱ्यांनाच उलट्या दिशेनं घसरत जावं लागतं, म्हणून अ‍ॅक्सलमध्ये अर्धी फेरी जास्त पडते. एकेरी अ‍ॅक्सल दीड फेरीची, दुहेरी अडीच, तिहेरी साडेतीन. या अर्ध्या फेरीचं वजन गुणांच्या तक्त्यात कळतं: त्या पाचांपैकी लुट्झ या उडीच्या तिहेरी रूपाला मूळ गुण ५.९०, तिहेरी अ‍ॅक्सलला ८.

हे कूळ सुरू होतं नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पाउल्सनपासून. जन्म १८५५ चा, गाव क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ओस्लो. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १८८२ मध्ये, तो व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. व्हिएन्ना त्या काळी या कलेची राजधानीच होती. जॅक्सन हेन्स नावाच्या अमेरिकन नर्तकानं १८६० च्या दशकात तिथं संगीताच्या तालावर स्केटिंग करून दाखवलं होतं आणि शहर त्यावर लुब्ध झालं होतं. अशा दर्दी प्रेक्षकांपुढे खेळाडूनं आपली स्वतःची खास करामत सादर करायची होती. पाउल्सननं समोर झेप घेतली, हवेत दीड फेरी मारली आणि उलट्या दिशेनं उतरला. स्पर्धेत त्याचा क्रमांक तिसरा. पहिल्या आलेल्या लिओपोल्ड फ्राय याचं नाव आज जाणकारांनाच ठाऊक असतं. पाउल्सनचं नाव जगातलं प्रत्येक स्केटिंग शिकणारं पोर घेतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याच्या पायातल्या स्केट्सची गोष्ट. पाउल्सन मुळात शर्यतीचा गडी. अमेरिकेत जाऊन तिथल्या व्यावसायिकांशी तो शर्यती लावून आला आणि १८८५ मध्ये मायदेशात फ्रोग्नरकिलेन खाडीच्या बर्फावर डच वीर रेन्के फान डर झे याच्याशी त्याची झुंज बघायला हजारो लोक लोटले. व्हिएन्नातही त्यानं ती उडी शर्यतीच्या लांब पात्यांवर मारली, असं स्केटिंगचा इतिहास सांगतो. फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात. ते बर्फात रोवून लुट्झसारख्या उड्यांना रेटा मिळतो. शर्यतीच्या पात्याला दाते नसतात. असते ती फक्त धार आणि वेग. अ‍ॅक्सल डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवरून सुटते, दात्यांचा टेकू तिला लागतोच असं नाही. शर्यतीतला माणूस जन्मभर समोर पळतो, तेव्हा उडीही त्याला समोरच सुचली असणार, असं माझं मत आहे. इतर उड्यांच्या कर्त्यांकडे, स्वीडनच्या साल्खोव किंवा ऑस्ट्रियाच्या लुट्झकडे पाहिलं तर ते दोघंही फिगर स्केटिंगच्याच घरातले. पाउल्सन बाहेरून आला आणि त्या घराला सर्वांत अवघड वारसा देऊन गेला.

नॉर्वेनं पुढे सोन्या हेनी दिली. १९२४ मध्ये शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकला ती गेली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि शेवटची आली. नंतर १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदकं, १९२७ पासून सलग दहा जगज्जेतेपदं, आणि मग थेट हॉलिवूड. स्पर्धेत एकेरी अ‍ॅक्सल मारणारी पहिली बाई म्हणून तिचंच नाव घेतात. आखूड झगा घालून बाई बर्फावर झेप घेते, हे पाहायची सवय जगाला तिनं लावली.

जबलपूरला बर्फ कुठला? माघात गवतावर दंव पडतं, तेवढंच. पण राइट टाउनमध्ये माझ्या बहिणीच्या घरामागच्या गुळगुळीत फरशीवर भाची चार चाकांच्या स्केट्स घालून हीच उडी शिकते आहे. चाकाला धार नसते. घोटा बाहेर कलवला की बुटाखालचं रबर दबतं, चाकांचा आस वळतो आणि स्केट बाहेरच्या वळणावर जाते; धारेचं काम त्या कलण्यानं भागवायचं. वजन मात्र पात्यापेक्षा बरंच जास्त. ती आधी नुसती अर्ध्या फेरीची वॉल्ट्झ उडी घोटवते: डावा पाय वाकवायचा, उजवा पाय मागून पुढे फेकायचा, उतरताना उजव्या पायावर पाठमोरं. "मामा, उलटं उडताना जमीन दिसत नाही, ते सोपं. इथं सगळं समोर दिसतं ना!" ती म्हणाली. अ‍ॅक्सलची धास्ती इतकी नेमकी मी कुठं वाचली नव्हती. चाकांवरच्या या कलेत भारतानं मानही मिळवलाय: २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत अनुप कुमार यामानं कांस्यपदक आणलं. तिच्या खोलीत त्याचं कात्रण चिकटवलेलं आहे.

बर्फावर या घराण्याची वाढ फार सावकाश झाली. दुहेरी अ‍ॅक्सल डिक बटननं १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये मारली, म्हणजे मूळ उडीनंतर ६६ वर्षांनी. तिहेरी कॅनडाच्या व्हर्न टेलरनं १९७८ मध्ये ओटावाच्या जागतिक स्पर्धेत. बायकांत ती जपानच्या मिदोरी इतोनं १९८८ मध्ये साधली. बाकी पाचही उड्यांच्या चार चार फेऱ्या २०१६ पर्यंत कुणी ना कुणी पुऱ्या केल्या होत्या. अ‍ॅक्सल तेवढी अडून बसली, त्या अर्ध्या फेरीपायी. हवेत सेकंदभरसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात हात छातीशी घट्ट ओढून शरीर साडेचार वेळा फिरवायचं. दोनदा ऑलिंपिक जिंकलेला युझुरू हान्यू २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगला पदकाचा हिशेब बाजूला ठेवून तिच्यामागे गेला. फेरी थोडी कमी पडली, तो कोसळला, आणि चौथा आला. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला लेक प्लॅसिडमध्ये सतरा वर्षांच्या इलिया मालिनिननं साडेचार फेऱ्या पुऱ्या केल्या आणि उजव्या पायावर, उलट्या दिशेनं, उभा राहिला. व्हिएन्नाला १४० वर्षं झाली होती.